हिरवळीखालचे बोगदे : मोल आणि घराभोवतीचे लॉन

मोल हा जवळजवळ संपूर्ण आयुष्य जमिनीखाली काढणारा लहान सस्तन प्राणी असून त्याचे वास्तव्य युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिका या तीन खंडांपुरतेच आहे. आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियात ज्यांना मोल म्हटले जाते ते प्राणी दिसायला त्याच्याशी मिळतेजुळते असले तरी वेगळ्या कुळांतले आहेत, आणि आयर्लंडसारख्या युरोपातल्याच बेटावर तो मुळीच नाही. भारतात खऱ्या मोलच्या जाती पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडील डोंगराळ प्रदेशात सापडतात; महाराष्ट्रात आणि गोव्यात तो आढळत नाही. इकडच्या अंगणात माती उकरून बिळे करणारी घूस ही उंदरांच्या, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातली आहे, तर रात्री भिंतीच्या कडेने चिकचिक करत पळणारी चिचुंद्री मोलची दूरची नातलग लागते, कारण ती दोन्ही कीटक आणि गांडुळे यांवर जगणाऱ्या एकाच गणात मोडतात. न्यू जर्सी, ओहायो किंवा मिशिगन येथे घर घेऊन राहणाऱ्या मराठी कुटुंबांना आपल्या हिरवळीवर एका रात्रीत उमटलेले मातीचे ढिगारे दिसतात तेव्हा साहजिकच घूस किंवा उंदीर यांची आठवण होते, आणि उपायही त्याच वळणाचे केले जातात; ते फसतात याचे कारण असे की मोलचा आहार, त्याची हालचाल आणि त्याची संवेदना या तिन्ही गोष्टी उंदराहून पूर्णपणे निराळ्या आहेत.

लॉनची गोष्टही येथे समजून घेतली पाहिजे. एकसारखी कापलेली सपाट हिरवळ राखणे पूर्वी केवळ धनिक जमीनदारांना परवडत असे, कारण त्यासाठी लांब दांड्याच्या कोयत्याने गवत कापणारे मजूर तरी लागत किंवा चरणारी मेंढरे तरी. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउड येथे एडविन बडिंग याने १८३० मध्ये गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. लोकरी कापडावर वर आलेले तंतू कातरणारे गिरणीतले फिरत्या पात्यांचे यंत्र त्याने गवतासाठी योजले होते, आणि पुढे या यंत्रामुळेच मध्यमवर्गीय घरापुढे हिरवळ येऊ शकली. अमेरिकेत तिचा विस्तार किती झाला आहे याचा अंदाज क्रिस्टिना मिलेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये उपग्रहांच्या माहितीच्या आधारे मांडला. त्यानुसार त्या देशात सुमारे १,६३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक क्षेत्र लॉनखाली आहे. या जमिनीला नियमित पाणी मिळते, खत मिळते, ती नांगरली जात नाही आणि कापलेल्या गवताचा चुरा तिच्यावर कुजत राहतो. अशा ओलसर, भुसभुशीत मातीत गांडुळांची भरपूर वाढ होते, आणि गांडुळे जेथे असतात तेथे मोल येतो. मोलला हवी असलेली जमीन घरमालक स्वतःच्या कष्टाने तयार करतो, आणि त्याच जमिनीचा पृष्ठभाग मात्र त्याला आरशासारखा नितळ हवा असतो. सारा संघर्ष यातून निर्माण झाला आहे.

युरोपातला सामान्य मोल सुमारे ११ ते १६ सेंटिमीटर लांब आणि साधारण ७० ते १३० ग्रॅम वजनाचा असतो. अमेरिकेच्या पूर्व भागातील लॉनमध्ये बहुधा पौर्वात्य मोल नावाची जाती आढळते. वर्गीकरणशास्त्रज्ञ लिनेयसने १७५८ मध्ये तिचे शास्त्रीय नाव ठेवताना तिच्या बोटांमधले पडदे पाहून ती पाण्यात राहणारी असावी असे मानले, आणि ‘जलवासी’ अशा अर्थाचा तो शब्द तिच्या नावात आजही टिकून आहे. प्रत्यक्षात ते पडदे माती लोटण्यासाठी आहेत. पुढचे पंजे अतिशय रुंद आणि बाहेरच्या बाजूला वळलेले असतात, आणि मनगटातून निघालेले कोयत्याच्या आकाराचे एक जादा हाड त्यांची रुंदी आणखी वाढवते. हे हाड अंगठ्यासारखे दिसत असले तरी खरे बोट नाही; झुरिच विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये मोलच्या गर्भांचा अभ्यास करून असे दाखवले की ते मनगटातील एका सुट्या लहान हाडापासून आणि खऱ्या बोटांच्या नंतर तयार होते. अंगावरच्या केसांना ठरावीक वळण नसते, त्यामुळे ते पुढे किंवा मागे कोणत्याही दिशेने पडू शकतात आणि अरुंद बोगद्यात मागे सरकताना अडत नाहीत. युरोपीय मोलचे डोळे टाचणीच्या टोकाएवढे असून त्यांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो, तर पौर्वात्य मोलचे डोळे कातडीखाली झाकलेले असतात. बोगद्यातील कोंदट हवेत जगता यावे यासाठी रक्तातही बदल झालेला आहे: पौर्वात्य मोलचे हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातील प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य, कार्बन डायऑक्साइडही नेहमीपेक्षा अधिक प्रमाणात वाहून नेऊ शकते.

दृष्टीची उणीव नाकाचा शेंडा भरून काढतो. त्यावर आयमर अवयव या नावाने ओळखले जाणारे अतिसूक्ष्म उंचवटे असतात; थिओडोर आयमर या शास्त्रज्ञाने १८७१ मध्ये त्यांचे वर्णन केले. प्रत्येक उंचवट्यात मज्जातंतूंची टोके दाटीने एकवटलेली असल्यामुळे मोलला स्पर्शाने भक्ष्य ओळखता येते. अमेरिकेच्या दलदलीच्या भागातील तारकानासिक मोलच्या नाकाभोवती २२ मांसल स्पर्शिकांचे वलय असते आणि त्यावर असे सुमारे २५,००० अवयव असतात. ही जाती घरगुती लॉनमध्ये क्वचितच येते, परंतु मोलच्या जगात स्पर्शाला किती महत्त्व आहे हे तिच्यामुळे स्पष्ट होते.

मोल दोन प्रकारचे बोगदे करतो, आणि त्यांतील फरक ओळखणे हे पुढील सर्व उपायांचे मूळ आहे. पहिला प्रकार पृष्ठभागालगतचा: मोल गवताच्या मुळांखालून पुढे सरकतो, माती वर उचलली जाते आणि हिरवळीवर नागमोडी उंचवटा उठतो. हा भक्ष्य शोधण्याचा मार्ग असून त्यातून तो अनेकदा एकदाच जातो आणि पुन्हा फिरकत नाही. दुसरा प्रकार खोलवरचा, सामान्यतः १५ सेंटिमीटरपासून अर्ध्या मीटरहून अधिक खाली जाणारा कायमचा मार्ग. तो खोदताना निघालेली माती उभ्या छिद्रातून वर ढकलली जाते आणि त्यातूनच शंकूच्या आकाराचे ढिगारे तयार होतात. पृष्ठभागालगत मोल तासाला चार-पाच मीटर बोगदा सहज करतो, त्यामुळे एका रात्रीत संपूर्ण हिरवळ विस्कटलेली पाहून घरमालकाला मोलची मोठी टोळी शिरली असावी असे वाटते. हा समज चुकीचा आहे. मोल एकटा राहणारा प्राणी असून आपल्या क्षेत्रात दुसऱ्या मोलला सहसा येऊ देत नाही. अमेरिकेतील कृषी विस्तार संस्था एका एकरात दोन-तीन मोल असणे हे पुष्कळ मानतात, आणि साध्या घराच्या आवारातील सगळी उकराउकर बहुतेकदा एकाच प्राण्याची असते.

इतके खोदण्याला लागणारी ऊर्जा मोल अन्नातून मिळवतो. तो दिवसाला स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक, कधी जवळजवळ तेवढ्याच वजनाचे अन्न खातो, आणि काही तास उपाशी राहिला तर मरू शकतो. आहारात गांडुळांचा वाटा सर्वांत मोठा असून त्याखालोखाल महाराष्ट्रातील ऊस उत्पादकांना परिचित असलेल्या हुमणीसारख्या भुंगेऱ्यांच्या अळ्या येतात. गांडुळे मुबलक असतात त्या दिवसांत मोल त्यांच्या डोक्याकडील भागाला चावा घेऊन त्यांना लुळे करतो आणि जिवंत अवस्थेतच बोगद्यातील खोबणीत साठवून ठेवतो. अशा कोठारांत शेकडो गांडुळे सापडलेली आहेत. त्याच्या दिनचर्येचा पहिला नेमका अभ्यास ऑक्सफर्डमध्ये १९५० च्या दशकात गिलियन गॉडफ्री यांनी केला. त्यांनी मोलच्या शेपटीभोवती किरणोत्सारी द्रव्याचे लहान कडे बसवले आणि जमिनीवरून मापकाने त्याचा माग काढला, तेव्हा मोल काही तास काम आणि काही तास विश्रांती अशा पाळ्यांनी दिवसरात्र जगतो हे दिसून आले. त्याचा दिवस सूर्यावर बेतलेला नाही; म्हणून केवळ रात्री पाळत ठेवण्याने काही साधत नाही.

उपाय योजण्यापूर्वी अपराधी मोलच आहे याची खात्री करणे आवश्यक आहे, कारण अमेरिकेत आणखी दोन प्राण्यांवर हा संशय घेतला जातो. गोफर हा कुरतडणारा प्राणी असून त्याचा ढिगारा एका बाजूला पंख्याप्रमाणे पसरलेला असतो आणि छिद्र मातीच्या बुचाने बंद केलेले दिसते. मोलचा ढिगारा चारी बाजूंनी सारखा असतो. व्होल हा उंदरासारखा प्राणी गवताच्या पृष्ठभागावरच उघड्या वाटा पाडतो, छिद्रे उघडी ठेवतो आणि झाडांच्या साली व मुळे खातो. फुलझाडांचे कंद खाल्लेले आढळले तर तो दोष बहुधा व्होलचा असतो, मोलचा नसतो, कारण मोल वनस्पती जवळजवळ खातच नाही. गवताचे होणारे नुकसान अप्रत्यक्ष असते: बोगद्यामुळे मुळे मातीपासून सुटतात आणि उन्हात त्या पट्ट्यातले गवत पिवळे पडते. शेतात परिणाम अधिक गंभीर होऊ शकतो. जनावरांसाठी मुरवलेल्या चाऱ्यात ढिगाऱ्याची माती मिसळली तर लिस्टेरिया नावाचे जिवाणू त्यात वाढतात आणि मेंढ्या आजारी पडतात, आणि कापणीच्या यंत्राची पातीही मातीने बोथट होतात. इतिहासात मोलच्या ढिगाऱ्याला राजाच्या मृत्यूचे निमित्तही मानले गेले आहे. इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याचा घोडा १७०२ मध्ये अशा ढिगाऱ्यावर अडखळला आणि त्यात झालेल्या दुखापतीनंतर काही आठवड्यांनी राजा मरण पावला असे सांगितले जाते, आणि त्याचे विरोधक पुढे काळ्या मखमली कोटातल्या त्या छोट्या सद्गृहस्थाच्या नावाने मद्याचे प्याले उंचावत असत.

लॉनमधून मोल घालवण्याचे सांगोवांगी उपाय असंख्य आहेत, आणि ते का फसतात हे वरील माहितीवरून सहज उमजते. बोगद्यात च्युइंगम टाकण्याचा उपाय अमेरिकेत पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. परंतु जो प्राणी हालचाल करणारे जिवंत भक्ष्य स्पर्शाने ओळखून खातो, तो गोड पदार्थ खाईल असे मानण्याला आधार नाही, आणि याच कारणामुळे धान्याचे विषारी आमिष, जे उंदीर-घुशींवर चालते, मोलवर चालत नाही. फुटक्या काचा, काटेरी फांद्या किंवा माणसाचे केस टाकल्यास मोल ती जागा मातीने बुजवतो आणि शेजारून नवा मार्ग काढतो. काचा मात्र मागे राहतात आणि पुढे कधीतरी बागेत काम करणाऱ्याच्याच हाताला लागतात. डांबरगोळ्यांचा वापर तर सरळ घातक म्हटला पाहिजे, कारण त्यांतील नॅफ्थलीन मातीत आणि पाण्यात उतरते आणि लहान मुले त्या गोळ्या तोंडात घालू शकतात. बोगद्यात पाणी सोडल्याने सच्छिद्र मातीत ते जिरून जाते. जमिनीत रोवायच्या आणि ठरावीक वेळाने कंप निर्माण करणाऱ्या विजेच्या खुंट्या दुकानांत सर्रास मिळतात, पण जो प्राणी रहदारीच्या रस्त्यांच्या आणि रेल्वेमार्गांच्या कडेला बोगदे करून राहतो, त्याला अशा कंपनांची भीती वाटत नाही. स्वतंत्र चाचण्यांतही या साधनांचा उपयोग सिद्ध झालेला नाही.

अळ्या मारून मोल हटवण्याचा मार्ग वरकरणी तर्कशुद्ध वाटतो, म्हणून त्याचा अधिक विचार करणे योग्य ठरेल. अमेरिकेच्या पूर्व भागात गवताची मुळे खाणाऱ्या अळ्यांमध्ये जपानी भुंगेऱ्याची अळी प्रमुख आहे. हा भुंगेरा १९१६ मध्ये न्यू जर्सीत प्रथम आढळला आणि तेथून पसरत गेला. लॉनवर कीटकनाशक टाकल्यास या अळ्या मरतात, परंतु मोलचे मुख्य अन्न असलेली गांडुळे उरतात, म्हणून मोलही उरतो. काही वेळा अन्न विरळ झाल्यामुळे तो पूर्वीपेक्षा अधिक लांब बोगदे खोदतो. गांडुळेही मारणारी औषधे वापरली तर मोल कदाचित जाईल, पण त्यासोबत मातीचा जीवही जाईल. चार्ल्स डार्विनने १८८१ मध्ये गांडुळांवर लिहिलेल्या ग्रंथात इंग्लंडमधील सुपीक मातीचा वरचा थर गांडुळांच्या शरीरातून पुन्हापुन्हा गेलेला असतो हे दाखवून दिले होते. त्या प्राण्यांचा नाश करून मिळवलेली हिरवळ काही हंगामांतच घट्ट, पाणी न जिरवणारी आणि खतावर अवलंबून राहणारी होते. हा सौदा कोणत्याही बागप्रेमी माणसाने करू नये.

दुर्गंधाने किंवा चवीने हटवण्याच्या उपायांपैकी एरंडेलाचे फवारे हाच एक असा आहे की ज्याला काही प्रमाणात प्रायोगिक आधार मिळाला. मिशिगनमध्ये १९९० च्या दशकात झालेल्या चाचण्यांत एरंडेल आणि साबणासारख्या द्रव्याच्या मिश्रणाने पौर्वात्य मोल काही काळ दूर राहिल्याचे आढळले. इतर जातींवर त्याचा असा भरवसा देता येत नाही, आणि पाऊस व पाणी यांमुळे परिणाम ओसरत असल्याने फवारणी पुन्हापुन्हा करावी लागते. जगातील बहुतांश एरंडी भारतात, त्यातही गुजरातमध्ये पिकते, त्यामुळे अमेरिकेतल्या हिरवळीवर फवारले जाणारे हे तेल अनेकदा भारतीय शेतातूनच निघालेले असते. मात्र तेलाच्या प्रभावावरून एरंडाचे झाडच बागेत लावावे हा सल्ला धोकादायक आहे, कारण तेल काढताना मागे राहणारे रिसिन नावाचे तीव्र विष बियांमध्ये असते आणि आकर्षक ठिपक्यांच्या त्या बिया मुलांच्या हाती पडू शकतात.

विषांचा इतिहास दुःखदायक आहे. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ गांडुळांना स्ट्रिक्नीन लावून ती बोगद्यात टाकली जात; हे विष महाराष्ट्राच्या जंगलांतही आढळणाऱ्या काजऱ्याच्या, म्हणजे कुचल्याच्या बियांत असते आणि त्याने प्राण्याला तीव्र आचके येऊन यातनामय मृत्यू येतो. २००६ मध्ये त्याचा हा वापर तेथे बंद झाला. अमेरिकेत आता गांडुळाच्या आकाराची, स्पर्शाला तशीच लागणारी आमिषे मिळतात. त्यांत ब्रोमेथालिन नावाचे मज्जासंस्थेवर आघात करणारे विष असते. मोलच्या स्पर्शज्ञानाचा विचार करून ती तयार केलेली असल्यामुळे ती इतर आमिषांपेक्षा अधिक प्रभावी ठरतात, पण त्या विषावर नेमका उतारा नाही, म्हणून घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर ही आमिषे न वापरणेच बरे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या भारतात धान्याच्या साठवणुकीत किडीविरुद्ध वापरल्या जातात आणि त्यांचे दुष्परिणाम इकडच्या वाचकांना ठाऊक आहेत. मातीतल्या ओलाव्याशी संपर्क येताच त्यांतून फॉस्फीन हा प्राणघातक वायू निघतो. युटा राज्यात २०१० मध्ये घराशेजारी बिळांत टाकलेल्या अशा गोळ्यांच्या वायूने दोन लहान बहिणींचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने निवासी भागात बिळांसाठी त्यांचा वापर पूर्णपणे बंद केला. ब्रिटनमध्ये केवळ प्रशिक्षित व्यक्तीलाच त्या वापरता येतात.

राहता राहिला सापळा, आणि लॉनमधून मोल खरोखर काढायचाच असेल तर तज्ज्ञांचे मत जवळजवळ एकमुखाने त्याच्याच बाजूने आहे. सापळ्यात आमिष नसते. तो मोलच्या एका अढळ सवयीवर चालतो, ती म्हणजे नेहमीच्या मार्गात अडथळा आला की तो लगेच दुरुस्त करण्याची. म्हणून प्रथम वापरातला बोगदा शोधावा लागतो. लांब, सरळ गेलेले, दोन ढिगाऱ्यांना जोडणारे किंवा कुंपणाच्या, भिंतीच्या अथवा पायवाटेच्या कडेने जाणारे मार्ग बहुधा कायमचे असतात. अशा अनेक मार्गांवर एकेका ठिकाणी पायाने माती दाबून लहान काडी रोवून खूण करावी आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. जेथे दबलेली माती पुन्हा वर उचललेली दिसेल तेथेच मोलची ये-जा आहे. नागमोडी, एकाकी उंचवट्यांवर लावलेले सापळे आठवडाभर रिकामे राहतात, आणि घरमालक सापळ्यालाच नावे ठेवतो.

अमेरिकेत तीन प्रकारचे सापळे प्रचलित आहेत. एकात स्प्रिंगच्या जोराने खाली घुसणारे टोकदार दात असतात आणि तो दाबलेल्या बोगद्यावर उभा केला जातो, मोल छत पुन्हा वर उचलू लागला की तो सुटतो. दुसऱ्यात कात्रीसारखे जबडे बोगद्याच्या आत दोन्ही अंगांनी बसवले जातात. तिसऱ्यात तारेचा फास असतो. ब्रिटनमध्ये अर्ध्या नळकांड्याच्या आकाराचा, दोन्ही तोंडांनी मोलला अडवणारा सापळा अधिक वापरला जातो. कोणताही सापळा लावताना बोगद्याचा तळ साफ करणे, सैल माती यंत्रणेत अडकू न देणे, आणि वरून उजेड किंवा वाऱ्याचा झोत आत शिरणार नाही असे झाकणे महत्त्वाचे असते. त्वरित मृत्यू येईल असा चांगला, गंज न चढलेला सापळा निवडणे आणि तो दिवसातून किमान एकदा पाहणे हे कर्तव्य समजले पाहिजे. अर्धवट अडकलेल्या प्राण्याला तासन्‌तास तडफडत ठेवण्याचा अधिकार हिरवळीच्या मालकाला नाही. दोन दिवसांत काहीच घडले नाही तर सापळ्याची जागा बदलावी. मोल जिवंत पकडून दूर सोडण्याची कल्पना दयाळू वाटली तरी अनेक ठिकाणी ती बेकायदा आहे, शिवाय भुकेला अत्यंत नाजूक असलेला हा प्राणी पकडपेटीत काही तासांत दगावू शकतो.

कायदाही सर्वत्र सारखा नाही, आणि परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांनी तो आधी पाहणे हिताचे आहे. वॉशिंग्टन राज्यात २००० साली झालेल्या सार्वमताने प्राण्याचे शरीर पकडणाऱ्या सापळ्यांवर बंदी आली आणि मोलचे नेहमीचे सापळेही त्या व्याख्येत आले. जर्मनीत मोल संरक्षित प्राणी असून त्याला परवानगीशिवाय मारता किंवा पकडता येत नाही. तेथील बागमालक ढिगारे पसरवून टाकतात, फार तर गवत लावण्यापूर्वी मातीखाली जाळी अंथरतात. ती जाळी नवीन लॉन तयार करतानाच घालावी लागते, तयार लॉनखाली ती घालणे व्यवहार्य नसते.

सापळ्यात यश मिळाले तरी ते कायमचे नसते. मोल वर्षातून एकदा, वसंत ऋतूत प्रजनन करतो, मादीला साधारण तीन ते पाच पिल्ले होतात, आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती आईच्या क्षेत्राबाहेर पडून स्वतःसाठी जागा शोधू लागतात. रिकामे झालेले बोगदे म्हणजे त्यांच्यासाठी आयते घर असते. शेजारच्या मोललाही त्याचा सुगावा लवकर लागतो. जंगलाला किंवा कुरणाला लागून असलेल्या घरांत म्हणूनच दरवर्षी नवा मोल येतो, आणि तेथे त्याला समूळ हटवण्याच्या आग्रहापेक्षा दिसेल तेव्हा मर्यादित उपाय करणे किंवा कडेच्या पट्ट्यात त्याला राहू देणे अधिक शहाणपणाचे ठरते. त्याच्या बोगद्यांमुळे माती मोकळी होते, पाणी खोल मुरते आणि गवताची मुळे खाणाऱ्या अळ्या कमी होतात, हे लाभही हिशेबात धरले पाहिजेत. इंग्लंडच्या उत्तर भागातील एपियाकम या रोमन किल्ल्याच्या जागेवर कायद्याने उत्खनन करता येत नाही, परंतु मोलने वर काढलेली माती चाळण्यास परवानगी मिळाल्यावर स्वयंसेवकांना तेथे मातीच्या भांड्यांचे तुकडे, मणी आणि डॉल्फिनच्या आकाराची एक कांस्य वस्तू सापडली. पुरातत्त्वाला मोलची झालेली ही मदत विरळा असली तरी खरी आहे.

मोल गेल्यावर हिरवळ दुरुस्त करणे फारसे कठीण नसते. पृष्ठभागालगतचे उंचवटे ओल असताना पायाने किंवा हलक्या रुळाने दाबले, आणि त्या पट्ट्याला काही दिवस भरपूर पाणी दिले, तर सुटलेली मुळे पुन्हा मातीला धरतात. खोल बोगदे खचलेले असतील तर त्यांत माती भरावी आणि शरद ऋतूत, म्हणजे थंड हवामानातील गवताची उगवण चांगली होते त्या काळात, रिकाम्या जागी बी पेरावे. ढिगारे दाबू नयेत, कारण दाबलेल्या मातीखालचे गवत गुदमरून मरते आणि तणांना जागा होते. ते फावड्याने उचलून घ्यावेत. खालच्या थरातून आलेली ही माती बारीक, भुसभुशीत आणि तणांच्या बियांपासून बरीच मुक्त असते, म्हणून जाणते माळी ती कुंड्यांसाठी आणि रोपांच्या वाफ्यांसाठी आवर्जून गोळा करून ठेवतात.